सोळा कानांचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला तिरसट म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. गाणी वाजवणारा, कुणाच्या खांद्यावरून मिरवणारा टेपरेकॉर्डर मी नव्हे. मी उभ्या कपाटाएवढा, करड्या लोखंडाचा, आणि मला कान सोळा. एका लहानशा विमानतळाच्या मनोऱ्यात, नियंत्रकांच्या काचेच्या खोलीच्या बरोबर खाली, एका थंडगार खोलीत मी सव्वीस वर्षे उभा होतो. वर कुणी वैमानिकांशी बोलो, फोनवर बोलो की नुसते खाकरो, ते सगळे वायरींतून माझ्यापर्यंत यायचे आणि तपकिरी फितीवर उतरायचे.

तुम्ही विचाराल, एवढे सगळे टिपून ठेवायचे कशाला? अहो, माणसे शब्द फिरवतात म्हणून. एक म्हणतो, मी असे बोललोच नव्हतो. दुसरा म्हणतो, बोलला होतास. मग तिसरा येतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो. माणसांचा एकमेकांवर पुरता भरवसा असता तर मला कुणी घडवलेच नसते. तेव्हा संशय हा माझा रोग नाही, तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

ज्या बाईंनी मला कारखान्यात तपासले त्याही माझ्याच पंथातल्या. त्यांनी माझ्या एकेका कानात एक ते दहा आकडे म्हटले, फीत मागे फिरवली, ऐकले, आणि मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सोळा कान, प्रत्येकी तीन वेळा. तिसऱ्या खेपेला सगळे बिनचूक आले, तरी त्या 'छान' म्हणाल्या नाहीत. 'ठीक दिसतंय' म्हणाल्या आणि माझ्यावर तपासणीची चिठ्ठी चिकटवली. त्या 'दिसतंय' मधली शंका मला फार आवडली.

माझी एक खोड मात्र तुम्हाला माहीत असायला हवी. मी टिपतो सगळे, पण टिपताना वाचत नाही. कोण बोलतेय ते मला कळते, सूर कळतो, राग कळतो. पण वायरींतून आलेले नेमके शब्द कोणते होते, हे फीत मागे फिरवून वाजवल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. सोळा जण एकदम कानाशी बोलू लागले तर तुम्ही तरी काय ऐकाल? म्हणून माझ्या अंगावर चाकांच्या दोन जोड्या होत्या. एका जोडीवर चालू दिवसाची फीत फिरायची आणि दुसरीवर जुनी फीत लावून ऐकता यायची. सोळावा कान मात्र बोलण्यासाठी नव्हताच. त्याला एक घड्याळ जोडलेले होते आणि दर दहा सेकंदांनी त्यात टक् असा आवाज उमटायचा.

माझी देखभाल करायचे ते तंत्रज्ञ. त्यांना सगळे मामा म्हणत, कारण वर बसणारी एक नियंत्रक त्यांची सख्खी भाची होती. ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून साऱ्या मनोऱ्याचे ते मामा झाले. त्या भाचीला सगळे ताई म्हणत. मामा रोज सकाळी कालची फीत उतरवायचे, दुसऱ्या जोडीवर थोडी वाजवून तपासायचे, तिच्या डब्यावर तारीख लिहायचे आणि नवी चढवायचे. तीस दिवसांनी जुनी फीत पुसून पुन्हा वापरात यायची. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ते माझे सारे भाग इतक्या हळुवारपणे पुसायचे की मला शंकाच यायची. एवढे लाड कशासाठी? विनाकारण कुणी कुणाचे लाड करत नाही. मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो.

आता भाषेचे सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरूनच घडले.

आभाळातले बोलणे आपल्या फोनसारखे दोघांतले नसते. एका मोठ्या खोलीत दहा माणसे बसली आहेत आणि एका वेळी एकानेच बोलायचे आहे, तसे ते असते. नियंत्रक बोलतो एकाशी, पण बाकीचेही कान देऊन असतात. आपल्या पुढे कोण आहे, मागून कोण येतेय, धावपट्टीवर कोण थांबलेय, हे वैमानिकांना अशा ऐकण्यातूनही कळते. शिवाय नियंत्रकाने जे सांगितले ते वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे, असा तिथला दंडक. 'डावीकडे वळा' असे सांगितले, की 'डावीकडे वळतो' असे उत्तर यायलाच हवे. हा रिवाज मला मनापासून पटायचा. ऐकले असेल असे धरून चालायचे नाही, वदवून घ्यायचे.

आमच्या मनोऱ्यात दोन भाषा चालायच्या. दूरदेशीच्या विमानांशी इंग्रजी आणि घरच्या विमानांशी घरची. नियमाने तशी मुभाच होती. दूरदेशीच्या बहुतेक वैमानिकांचीही इंग्रजी उसनीच असायची. कुणी ती गाण्यासारखी हेलकावे देत बोले, कुणी प्रत्येक शब्दाचे शेपूट गिळून टाके. पण उसन्या भाषेत माणूस तोलून मापून बोलतो आणि घरच्या भाषेत त्याची जीभ सैल सुटते. ताई इंग्रजीत बोलायची तेव्हा पट्टीने रेघ आखल्यासारखी बोलायची. घरच्या भाषेत आली, की तिच्या आवाजाला हसू फुटायचे. कामाच्या वेळी हसणारी माणसे मला संशयास्पद वाटतात, म्हणून ते हसू मी नीट टिपून ठेवायचो.

ते हसू जास्त करून निघायचे डाकवाल्या काकांच्या वेळी. काका टपाल घेऊन येणारे छोटे विमान चालवत. केस पिकले होते, नोकरीची दोनच वर्षे उरली होती. इंग्रजी त्यांना परीक्षेपुरती आली होती आणि ती परीक्षा होऊन जमाना लोटला होता. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा आवाज यायचा, "पोरी, आलो गं. जागा आहे का आमच्या खटाऱ्याला?" मग ताई हसून जागा द्यायची.

मनोऱ्याचे प्रमुख, म्हणजे साहेब, हे ऐकून कपाळाला आठी घालायचे. सगळे बोलणे एकाच भाषेत व्हावे, असे त्यांनी वरिष्ठांना दोनदा लेखी कळवले होते. साहेब स्वतःच्या टेबलाचा खण कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचे. त्यांचे आणि माझे जमले असते.

एके दिवशी सकाळी धुरकट हवा होती. आमच्याकडे रडार नव्हते. डोळ्यांना दिसेल ते आणि वैमानिक सांगतील ते, एवढ्याच भांडवलावर काम चालायचे. काका त्यांच्या छोट्या विमानातून उतरायला येत होते. त्यांच्या मागून एक मोठे परदेशी विमान, कितीतरी जास्त वेगात, त्याच धावपट्टीकडे येत होते. मनोऱ्यात खुर्चीवर ताई होती.

मला खाली एवढेच कळले, की अचानक एक प्रचंड गर्जना झाली, माझ्या खोलीची काच थरथरली आणि मामांच्या हातातला चहा बशीत सांडला. मोठ्या विमानाच्या कॅप्टनना अगदी शेवटच्या क्षणी आपल्या नाकासमोर, धुरकटात, ते छोटे विमान दिसले होते. त्यांनी विमान वर खेचले आणि ते काकांच्या डोक्यावरून गेले. कुणाला खरचटलेही नाही. काका उतरले, वळसा घालून पुन्हा आलेले मोठे विमानही उतरले. मग कॅप्टनचा आवाज आला, बर्फासारखा थंड. शब्द मला त्या संध्याकाळी कळले. पुढे विमान आहे हे मला का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. ताईचे उत्तर ठाम होते. सांगितले होते, असे ती म्हणाली. कॅप्टन म्हणाले, नाही.

झाले. असे काही घडले, की त्या दिवसाची फीत लगेच उतरवायची आणि माझ्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात बंद करायची, असा नियम होता. कपाटाची किल्ली मामांकडे असायची. चौकशी अधिकारी दुसऱ्या दिवशी येणार होते आणि त्यांनी येऊन सील लावायचे होते.

त्या संध्याकाळी तिघे माझ्यासमोर उभे होते. साहेब, ताई आणि मामा.

"बाई, मला एकच सांगा," साहेब म्हणाले. "पुढे छोटं विमान आहे, हे तुम्ही त्या कॅप्टनना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, साहेब."

"त्यांनी परत म्हटलं?"

"म्हटलं. पुरुषाचा आवाज, 'मी पुढे, ते मागे' असंच काहीतरी. अजून कानात आहे माझ्या."

"कॅप्टन लेखी देतायत, की एक शब्द कानावर आला नाही."

"मग ते खोटं बोलतायत!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, एवढं नक्की. बाई, एक लक्षात ठेवा. चूक करणाऱ्याला आपण पुन्हा शिकवतो आणि पुन्हा बसवतो. खोटं बोलणाऱ्याला त्या खुर्चीवर परत कुणी बसवत नाही. या मनोऱ्यात नाही आणि कुठल्याच नाही." मग ते मामांकडे वळले. "किल्ली तुमच्याकडेच ना?"

"एकोणीस वर्षं माझ्याकडेच आहे."

"म्हणूनच विचारलं. अधिकारी येईपर्यंत हे कपाट उघडायचं नाही. कुणीही."

'कुणीही' म्हणताना ते मामांकडेच बघत होते. मामा-भाचीच्या नात्यात काही पाणी मुरतेय, असे त्यांना वाटत होते आणि खरे सांगू का, मलाही वाटत होते. मला तर चौघांचाही संशय होता. कॅप्टन पेंगत असतील आणि आता स्वतःचे झाकत असतील. ताई फार ठामपणे बोलत होती, आणि खोटे बोलणारा नेहमी ठामच बोलतो. साहेबांना हवी असलेली एक भाषा आता आयती मिळणार होती, तेव्हा त्यांनाही आतून गुदगुल्या होत असतील. आणि मामा? त्यांचा हात सारखा खिशातल्या किल्लीला चाचपत होता.

साहेब गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "बाळ, आता आपण दोघंच आहोत. खरं काय ते सांग."

ताईने त्यांच्याकडे असे पाहिले, की मलाही कसेसेच झाले. "म्हणजे तुमचाही विश्वास नाही?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, मामा." ती निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ जिन्यावरून येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब अधिकाऱ्यांना आणायला गेले. मामा माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली. मी मनात म्हटले, आता कळेल. त्यांनी कपाट उघडले, कालची फीत काढली आणि माझ्या दुसऱ्या जोडीवर चढवली. एका हाताने त्यांनी हेडफोन कानाला धरला. फीत फिरू लागली आणि काल मीच टिपलेले मला पहिल्यांदा ऐकू आले.

आधी ताईचा आखीव इंग्रजी आवाज आला. मोठ्या विमानाने सरळ येत राहावे, उतरण्याची परवानगी नंतर मिळेल. कॅप्टननी ते शब्दन् शब्द परत म्हटले. मग ताईचा घरचा आवाज आला. "काका, उतरायला पहिला नंबर तुमचा. मागे मोठं विमान आहे, वेगात येतंय, त्याला तुमच्या मागे ठेवलंय. उतरल्यावर पट्टी लवकर मोकळी करा." आणि लगेच काकांचे परत म्हणणे, "पहिला नंबर माझा. मी पुढे, मोठं मागे. उतरलो की लगेच मोकळी करतो, पोरी." तेवढ्यात हवामान खात्याचा फोन वाजला. ताईने तो घेतला, ठेवला आणि इंग्रजीत कॅप्टनना फक्त वारा किती आहे ते सांगितले. कॅप्टननी वारा परत म्हटला. बस. पुढच्या विमानाबद्दल त्यांच्या वाट्याला एक अक्षरही आले नव्हते.

पकडली, असे मी म्हणणार होतो. पण मित्रांनो, माझे चाक अडखळावे तसा माझा विचार अडखळला. तिने सांगितले होते. तिच्या कानात राहिलेला पुरुषाचा आवाजही खरा होता, 'मी पुढे, मोठं मागे' हे शब्दही खरे होते. ते सगळे घडले होते, फक्त घरच्या भाषेत आणि काकांशी. दिवसभर दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय सांगितले ते राहते, कोणत्या भाषेत सांगितले ते पुसून जाते. तिच्या मनाने 'सांगून झाले' अशी खूण केली होती आणि ती फोनकडे वळली होती. ती खोटी नव्हती आणि कॅप्टनही खोटे नव्हते. माझ्याकडे मात्र खरे आणि खोटे असे दोनच खण होते. ही गोष्ट कुठे ठेवायची, ते मला कळेना.

मामांनी तेवढा भाग तीनदा ऐकला. मग हेडफोन खाली ठेवला आणि त्यांचे बोट माझ्या लाल बटणावर गेले. ते बटण दाबले, की सोळाही कानांचे जुने एकदम पुसले जाते. भिंतीकडे बघत ते स्वतःशीच पुटपुटले, "वीस सेकंदं. यंत्र म्हातारं झालंय, तेवढं उतरलं नाही म्हणायचं." बघा हं, आळ माझ्यावर! स्पिरिटचा कापूस, ते हळुवार हात, सगळ्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला असे वाटले. मी म्हणतच होतो ना?

तेवढ्यात दारावर थाप पडली. "मामा, दार उघडा. तुम्ही आत आहात ते मला माहीत आहे."

मामांनी कडी काढली. ताई आत आली. तिने उघडे कपाट पाहिले, माझ्यावर चढवलेली फीत पाहिली.

"काय आहे त्यात?"

"काही नाही. तू जा बाळ, साहेब येतील आता."

"काही नाही तर तुमचा चेहरा असा का झालाय? लावा. मला ऐकायचंय."

"नको ऐकूस."

तिने स्वतःच हेडफोन उचलला. मामांनी फीत लावली. ती उभ्यानेच ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा हात माझ्या कडेला आधाराला आला. फीत थांबल्यावर तिने हेडफोन काढून ठेवला.

"मी सांगितलं होतं, मामा."

"हो."

"पण त्यांना नाही."

"त्यांना नाही."

"आणि काल मी त्या माणसाला खोटारडा म्हटलं." तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मामा जवळ सरकले आणि त्यांचे बोट पुन्हा लाल बटणावर गेले. "हे बघ, वीस सेकंदांचा मामला आहे. मी पुसतो. तुझ्या आईला मी शब्द दिलाय, पोरीला सांभाळीन म्हणून. माझी नोकरी जायची तर जाऊ दे."

"आणि मग काय राहील? कॅप्टन म्हणणार सांगितलं नाही, मी म्हणणार सांगितलं. जन्मभर लोक म्हणतील, हिने आणि हिच्या मामाने मिळून पुसलं." तिने नाक पुसले. "माझी चूक या फितीवर आहे, मामा. पण मी खोटं बोलले नव्हते, हेही या फितीवरच आहे. एक पुसलं की दुसरंही जाईल."

"अगं पण..."

"उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसेल आणि हेच करेल. त्याला तर कळणारसुद्धा नाही, कारण आपण सांगितलं असंच त्याला वाटत राहणार. हात काढा, मामा."

मामांनी बोट उचलले आणि ते मटकन स्टुलावर बसले. लाल बटण तसेच वर राहिले.

त्याच वेळी दारात साहेब उभे राहिले. त्यांच्या मागे चौकशी अधिकारी होते, आणि त्यांच्यासोबत परदेशी कॅप्टनही. उघडे कपाट, यंत्रावर चढलेली फीत, आणि आत मामा-भाची. संशयाला याहून चांगले जेवण कुणी वाढले नसेल.

"हे काय चाललंय?" साहेबांचा आवाज चढला. "मी काय सांगितलं होतं?"

मामा उठून उभे राहिले. "कपाट मी उघडलं, साहेब. पुसायलाच आलो होतो. तिने पुसू दिलं नाही."

"यावर मी विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," ताई म्हणाली. "सोळावा कान ऐका."

अधिकारी जाणते होते. त्यांनी ती फीत दहाच्या आधीपासून लावली आणि फक्त घड्याळ ऐकले. टक्. दहा सेकंद. टक्. दहा सेकंदांचा तुकडा पुसला असता तरी कुठेतरी एक टक् गेला असता. त्यांनी बोटांवर मोजत पंधरा मिनिटे ऐकले. एकही टक् गेलेला नव्हता. मग त्यांनी ते बोलणे सगळ्यांसमोर मोठ्याने वाजवले आणि घरच्या भाषेतले प्रत्येक वाक्य कॅप्टनना इंग्रजीत सांगितले.

ताई कॅप्टनसमोर गेली. चूक माझी होती आणि काल मी तुम्हाला खोटे म्हटले, मला माफ करा, असे ती इंग्रजीत म्हणाली. या वेळी तिची इंग्रजी आखीव नव्हती.

कॅप्टन फितीकडे बघत होते. त्यांच्या उसन्या इंग्रजीत ते सावकाश बोलले. हे बोलणे मी तेव्हा ऐकले होते, ते म्हणाले. एक बाई आणि एक पुरुष मला न कळणाऱ्या भाषेत बोलत होते. मला शंका आली, की ऐन वेळी हे काय बोलतायत? गप्पा मारतायत की माझ्याबद्दल बोलतायत? विचारावे म्हणून दोनदा माझे बोट माइकच्या बटणावर गेले. पण एवढी वर्षे विमान चालवणाऱ्याने 'मला कळले नाही' असे सगळ्यांसमोर म्हणायचे? लोक हसतील म्हणून मी बोट काढून घेतले.

मग कॅप्टननी तक्रारीचा कागद मागून घेतला आणि नियंत्रकाने खोटे सांगितल्याचे वाक्य स्वतःच्या पेनाने खोडले.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. किल्ली मामांकडून काढून घेतली गेली आणि ते योग्यच झाले. पण ते माझी देखभाल करत राहिले. कापूस तसाच हळुवार फिरायचा, आणि मी त्यांच्यावर डोळा ठेवणे सोडून दिले होते. ताईला तीन महिने माइकपासून दूर ठेवले, पुन्हा परीक्षा घेतली आणि पुन्हा खुर्चीवर बसवले. घरची भाषा न कळणारे एकही विमान आसपास असेल, तर सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचे, असा नियम झाला. साहेबांना हवे ते मिळाले, पण ताई परत रुजू झाली त्या दिवशी त्यांनी तिला स्वतः जिन्यापर्यंत येऊन 'या' म्हटले.

त्या तीन महिन्यांत ताईने काकांना कँटीनमध्ये बसवून इंग्रजी घोटून घेतली. "म्हातारपणी पोपट केलास गं माझा," असे म्हणत काका शिकले. मग रोज दहाला त्यांचे इंग्रजी वाक्य यायचे, अडखळत, पण पूर्ण. ताईचे उत्तरही इंग्रजीत जायचे. त्यात हसू नसायचे. ज्या हसण्यावर मी इतकी वर्षे संशय घेतला ते गेल्यावर दहाची वेळ मला ओकीओकी वाटू लागली. आभाळात दुसरे कुणी नसेल अशा एखाद्या दिवशीच काका म्हणायचे, "पोरी, आता बोलू का नीट?" आणि ते हसू पुन्हा माझ्या फितीवर उतरायचे. अशा फिती तीस दिवसांनी पुसल्या जायच्या, याचे मला वाईट वाटायचे.

आता माझ्या जागी पुस्तकाएवढे एक यंत्र आले आहे आणि मी सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभा आहे. माझ्यावर धूळ आहे, ती कुणी पुसली तर मला आवडेल. पण माझे मागणे ते नाही. मी शंकेखोर आहे आणि तुम्हीही शंका जरूर घ्या, असेच मी सांगेन. फक्त ती पोटात दडवून ठेवू नका. मला तोंड नव्हते, म्हणून मी सव्वीस वर्षे मनातल्या मनात संशय घेत राहिलो आणि तो संशय कुणाच्या उपयोगी पडला नाही. तुम्हाला तोंड आहे. समोरच्याचे बोलणे कळले नाही, तर लगेच विचारा. आणि आपले बोलणे ज्याला कळायला हवे त्याला ते कळले का, हेही विचारा. फार तर कुणी हसेल. त्या सकाळी लोक हसतील म्हणून कॅप्टन गप्प राहिले, तेव्हा त्यांच्या मागे एकशे बेचाळीस माणसे पट्टे बांधून बसली होती.